कोरडी भिंत

भिंत मीच रचली होती, हे आधी सांगून टाकतो.
त्रेसष्ट साल, मार्चमधले नऊ दिवस.
चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर नुसता दगड.
कॉनेमारात अशीच रचतात, फटी ठेवून,
म्हणजे समुद्रावरून आलेला वारा
आरपार जातो आणि भिंत उभी राहते.
फादर ट्युही छत्री घेऊन यायचे, हद्द दाखवायला:
इथून आत पवित्र माती, फेस्टी.
इथून बाहेर नुसती.
मी वाकून पाहिलं.
दोन्हीकडे तीच काळी दलदल, तेच लव्हाळं,
आणि एक गांडूळ, अर्धं इकडे, अर्धं तिकडे.

ऑक्टोबरात बॅबीन बाळंत झाली.
मुलगा. रडला नाही.
फादरांनी दारातच टोपी काढली, परत घातली.
नियम माझा नाही, म्हणाले.
ज्याला पाणी लागलं नाही त्याला स्वर्ग नाही, नरकही नाही,
तो अधांतरी.
मी गवंडी माणूस. मला अधांतर कळत नाही.
खाली काही असल्याशिवाय
वर काही ठेवता येत नाही.

चहाच्या खोक्यात ठेवला त्याला. खोक्यावर छापलेलं: सिलोन.
रात्री गेलो, कारण रात्रीच जायचं असतं,
बापाने एकट्याने. आया घरी.
माझ्याच भिंतीच्या बाहेरच्या अंगाला
खणत होतो, आणि पाऊस.
खोक्याला फटी होत्या.
कपाळापर्यंत गेलाच असेल की तो!
मग पाणी लागलं नाही कसं?
सारी रात्र देव, असलाच तर,
बादल्या ओतत होता त्या एका पोरावर
आणि वहीत मात्र शून्य,
कारण लॅटिनमधून कुणी काही बोललं नव्हतं.

मी बोललो. आमच्या भाषेतून.
काय ते सांगणार नाही.

वर एक गारगोटी ठेवली, पांढरी.
सकाळी पाहिलं तर तिथे
गारगोट्या पुष्कळ होत्या.
कुणाकुणाच्या, ते गावात
सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच नव्हतं.

बॅबीन दर रविवारी मिस्साला गेली.
कुठे ठेवलास, असं तिने कधी विचारलं नाही.
फक्त येताना वाट सोडून भिंतीकडेने यायची,
झग्याची कड ओली करून.

मग केव्हातरी रेडिओवर, मासळीच्या भावानंतर,
रोमहून बातमी: ते अधांतर वगैरे
सिद्धांत नव्हता म्हणे कधीच.
एक मत होतं.
बॅबीन बांगडे साफ करत होती.
"मत," ती म्हणाली,
आणि सुरी धुऊन ठेवली.

ती आत आहे आता, पवित्र मातीत.
त्याच्यापासून आठ पावलं. मोजलीत.
मधे मी रचलेली भिंत.

देव जाणे, असं मीही म्हणतो अजून. सवय.
पण जाणतो का, हे विचारायची सोय कुठे होती?
मधे कायम
छत्री घेतलेला एक माणूस.

यंदा नवे फादर आले, इकेना, नायजेरियाचे.
त्यांच्या आजोबांच्या डोक्यावर पाणी घालणारा
आमच्याच शेजारच्या गावचा होता.
आम्ही इतक्या लांब पाणी पोचवलं
आणि भिंतीपलीकडे नाही.
ते म्हणाले, भिंत उतरवू या,
मजुरी देईन. बाहेरच्या जागेवर
प्रार्थना करून तीर्थ शिंपडेन.
मी म्हटलं, भिंत उतरवतो, मजुरी घेतो.
पाणी नको.
पाणी भरपूर झालंय त्याला.

फादर बराच वेळ गप्प.
बाटली खिशात घातली, बाह्या दुमडल्या,
आणि वरच्या दगडाचं दुसरं टोक धरलं.

दगड उचलता येत नाहीत त्यांना.
पाठीने उचलतात, गुडघ्यांनी नाही.
शिकतील.